दिवस सोळा तासांचा झालेला नाही

'पृथ्वीच्या हृदयाचे ठोके वाढलेत, म्हणून दिवस आता 24 नव्हे, 16 तासांचाच भरतो' अशा आशयाचा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात 'शुमान रेझोनन्स' असं भारदस्त नाव असल्यामुळे शिकलेली माणसंही तो विश्वासाने पुढे पाठवतात. वेळ पुरत नाही ही तक्रार खरीच आहे. पण तिचं हे कारण साफ चुकीचं आहे.

'ठोके सेकंदाला 7.83 होते, आता 13च्या वर गेले.' मुळात हे ठोके नव्हेत. जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत विजांमुळे विद्युतचुंबकीय लहरी घुमत राहतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विन्फ्रीड शुमान यांनी 1952 मध्ये त्यांचं गणित मांडलं. प्रकाश सेकंदाला 3 लाख किलोमीटर जातो आणि पृथ्वीचा घेर आहे 40 हजार किलोमीटर. भागाकार करा, प्रकाशाच्याच वेगाने जाणाऱ्या या लहरींच्या सेकंदाला साडेसात फेऱ्या येतात. प्रत्यक्षातला आकडाही 7.8च्या आसपासच असतो, थोडाफार हलतो इतकंच. तो 13 व्हायचा तर पृथ्वीचा घेर आजच्या साठ टक्क्यांवर यायला हवा. मूळ लहरीच्या जोडीला 14 आणि 20 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या आवर्तनांच्या) आसपासच्या लहरी पहिल्यापासून आहेतच, त्या नव्याने उगवलेल्या नाहीत.

'त्यामुळे दिवस आखूड झाला.' या लहरींचा पृथ्वीच्या फिरण्याशी संबंधच नाही. उलट भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वी हळूहळू मंदावते आहे आणि दिवस शतकामागे जेमतेम पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो आहे. याचा पुरावा मातीच्या पाट्यांवर कोरलेला आहे. इ.स.पू. 136 मध्ये बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं, भरदिवसा शुक्र आणि बुध दिसले, अशी नोंद तिथल्या निरीक्षकांनी करून ठेवली. पृथ्वी तेव्हाही आजच्याच वेगाने फिरत होती असं धरून गणित केलं, तर त्या ग्रहणाची सावली बॅबिलोनच्या पश्चिमेला हजारो किलोमीटर दूर पडते. सुमारे एकवीसशे वर्षांत रोजच्या रोज हे मिलिसेकंद साचत साचत तीन तासांहून जास्त फरक पडला. फरक एवढा बारीक असूनही सापडतो, मग आठ तास कुणाच्या नजरेतून सुटतील?

'घड्याळंही त्याच प्रमाणात पळतात, म्हणून कळत नाही.' घड्याळाबरोबर शरीर आणि मेंदूही पळत असतील, तर वेळ कमी पडल्याचं जाणवणारच नाही. आणि मेसेजचा एकमेव पुरावा तर ही जाणीवच आहे!

'पण सगळ्यांनाच तसं वाटतं.' वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. मात्र त्याची मुळं मेंदूत आहेत. किती काळ गेला हे मागे वळून ठरवताना आपण आठवणींचा आधार घेतो. नव्या, वेगळ्या घटना भरपूर असतील तर तो काळ लांब भासतो. एकाच साच्यातले दिवस आठवणीत एकमेकांत मिसळून जातात आणि अख्खा महिना कुठे गेला ते कळत नाही.

फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र 1962 मध्ये घड्याळाविना सुमारे दोन महिने एका थंडगार गुहेत राहिले. अंधार, एकटेपणा, रोज तेच ते. सेकंदाला एक या बेताने 120 आकडे मोजायला त्यांना पाचेक मिनिटं लागत. 14 सप्टेंबरला त्यांना बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या हिशेबाने 20 ऑगस्टच चालू होता. पंचवीस दिवस त्यांच्या खात्यातून गळले होते, आणि बाहेर पृथ्वी तेवढ्याच वेगाने फिरत होती.