टाचेमागची बॅट

पुतणीच्या शाळेत बेसबॉलचा संघ तयार झाला आणि मुलांच्या मनातली चेंडूची भीती घालवायला कोणी पालक सकाळी येईल का, असे सभेत विचारले गेले. नेमक्या त्याच क्षणी मी पंखा वाढवायला सांगण्यासाठी हात वर केला होता. नागपुरातल्या एप्रिलचा हा माझ्यावरचा सर्वांत मोठा अन्याय होय.

रेशीमबागेच्या मैदानावर सकाळी सहाला अकरा मुले माझ्यापुढे उभी राहिली. त्यांची भीती निराधार आहे, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येईना. क्रिकेटचा चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो आणि फलंदाजाच्या पायांना पॅड असतात. बेसबॉलचा १४२ ते १४९ ग्रॅमचा चेंडू मात्र टप्प्याची औपचारिकता न पाळता थेट अंगाकडे येतो. १९२० साली रे चॅपमन या अमेरिकी खेळाडूचा डोक्याला चेंडू लागून मृत्यू झाला, हे मी आदल्या रात्रीच वाचले होते. ते मुलांना सांगितले नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

सुरुवात मोज्यांच्या गुंडाळ्यांनी केली. त्या लागत नाहीत, मात्र माझे मोजे असल्यामुळे मुले वेगळ्याच कारणाने मागे हटू लागली. मग टेनिसचे चेंडू आणले, त्यांच्यावर लाल-निळे ठिपके काढले आणि येणाऱ्या चेंडूचा रंग ओरडून सांगायचा, असा नियम केला. रंग ओळखायचा म्हटल्यावर डोळे मिटता येत नाहीत. पाय मागे घेण्याची खोड मोडण्यासाठी टाचेमागे जमिनीवर एक बॅट आडवी ठेवली. आठवडाभरात बहुतेकांचे पाय जागेवर राहू लागले.

शेवटचा धडा होता अंगावर येणाऱ्या चेंडूपासून वाचण्याचा: छाती उघडी न टाकता खांदा आत वळवायचा, हनुवटी छातीला लावायची आणि पाठ चेंडूकडे करायची. प्रात्यक्षिकाला मीच उभा राहिलो. पुतणीने टेनिसचा चेंडू अगदी हळू टाकला. मी दोन्ही हात पसरले, छाती पुढे काढली आणि तीन पावले मागे जाऊन धुळीत बसलो.

“रंग कोणता होता, काका?” तिने विचारले.

“हिरवा,” मी म्हणालो.

“हिरवा तं आपल्याकडे नाहीच ना.”

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोहोचलो, तेव्हा माझ्या नेहमीच्या जागेमागे कोणीतरी आधीच बॅट आडवी ठेवलेली होती.