टाटा की अदानी? आधी बारा महिन्यांची बिलं काढा

"युनिटला किती पडतं?" एवढंच विचारून वीज कंपनी बदलू नका. या प्रश्नाला एक उत्तर नसतंच, आणि जो एकच आकडा सांगतो तो अर्धीच माहिती देतो.

ही पोस्ट मुंबई उपनगरातल्या घरगुती ग्राहकांसाठी आहे. कुलाबा ते माहीम-शीव बेस्टची वीज आहे आणि बेस्ट स्थानिक प्राधिकरणाचा उपक्रम असल्याने तिच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येत नाही. मुलुंड-भांडुपला महावितरण. टाटा की अदानी ही खरी निवड आहे ती वांद्रे ते दहिसर आणि चुनाभट्टी ते विक्रोळी या पट्ट्यात.

घरगुती दराचे चार स्लॅब आहेत: 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर. 350 युनिट वापरले म्हणून सगळ्या युनिटांना तिसरा दर लागत नाही. पहिले 100 पहिल्या दराने, पुढचे 200 दुसऱ्या आणि उरलेले 50 तिसऱ्या दराने. त्यामुळे कोणती कंपनी स्वस्त, हे तुमच्या वापरावर ठरतं. समजा, दुसऱ्या कंपनीचा पहिला स्लॅब 50 पैशांनी महाग आणि दुसरा 1 रुपयाने स्वस्त आहे. महिन्याला 90 युनिट वापरणाऱ्याचं 45 रुपयांचं नुकसान, 150 युनिटवाल्याला फरक शून्य, 180 युनिटवाल्याचा 30 रुपयांचा फायदा. एकाच मजल्यावरच्या दोन घरांना दोन वेगळी उत्तरं! शेजाऱ्याचं बिल कमी आलं म्हणून आपलंही येईल असं धरून चालणं म्हणूनच चुकीचं.

दुसरी चूक सरासरीची. जानेवारीत 180 आणि मे महिन्यात एसीमुळे 420 युनिट झाले, तर सरासरी 300 निघते. त्या 300 वर हिशेब मांडला की तिसरा स्लॅब कागदावरून गायबच होतो. प्रत्यक्षात मे महिन्यातले 120 युनिट त्या महाग दरात गेलेले असतात. म्हणून बाराही महिने वेगवेगळे मांडा. बिलावरचे दिवसही बघा, रीडिंग कधी 28 दिवसांचं असतं, कधी 33. युनिटांना दिवसांनी भागून 30 ने गुणलं की महिने एकमेकांशी ताडता येतात.

आता ज्या ओळीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ती: वहन आकार, म्हणजे तारांचं भाडं. कंपनी बदलली तरी तारा जुन्याच कंपनीच्या राहिल्या, तर भाडं त्या तारांच्या मालकाच्याच दराने लागतं. नव्या कंपनीने स्वतःची केबल टाकून मीटर दिला तर तिचा वहन आकार. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी लेखी विचारा, वीज कोणाच्या तारेवरून येणार? वीज आकार (म्हणजे युनिटांचे स्लॅबनुसार पैसे) आणि वहन आकार यांची बेरीज करूनच दोन कंपन्या शेजारी मांडा. क्रॉस सबसिडी अधिभार (काही ग्राहकांना स्वस्त वीज देण्याचा भार भरून काढायला कंपनी बदलणाऱ्यांकडून घेतली जाणारी जादा रक्कम) लागू आहे का, तेही विचारा. 2009 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने (विजेचे दर हाच आयोग ठरवतो) जुन्याच तारांवरून कंपनी बदलण्याची मुभा दिली, लोक उत्साहाने गेले, आणि पुढे अधिभार लागल्यावर अनेकांचा हिशेब बदलला.

त्यात स्थिर आकार मिळवा (सिंगल फेज आणि थ्री फेजचा वेगळा, तुमची ओळ बघा), मग इंधन समायोजन आकार. हा इंधनाच्या खर्चानुसार बदलता असतो, म्हणून दोन्हीकडचा एकाच महिन्याचा घ्या. शेवटी एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क. दर आयोगाच्या आदेशातूनच घ्या, व्हॉट्सअॅपवरच्या तक्त्यातून नको. सध्याचे आदेश 2025-26 ते 2029-30 या काळाचे आहेत आणि त्यात दर वर्षागणिक वेगळे आहेत. यंदा स्वस्त असलेली कंपनी पुढच्या वर्षीही स्वस्त असेलच असं नाही, तेव्हा निदान पुढची दोन वर्षं तपासा.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी: थकबाकी, आणि बिलावर अजून जुन्या मालकाचं किंवा वारलेल्या वडिलांचं नाव. नावबदल आधी उरका. भाडेकरूंनी मालकाची लेखी संमती घ्यावी. नव्या कंपनीकडे सुरक्षा ठेव भरावी लागते, साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढी; जुनी ठेव परत मागायला विसरू नका. मीटर बदलत असेल तर शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा, त्यात मीटर नंबरही दिसला पाहिजे. अंतिम बिलाचा वाद त्या फोटोवर मिटतो.

आणि हो, लाईट कमी जाईल या आशेने कंपनी बदलू नका. तारा त्याच असतील तर केबल जळल्यावर दुरुस्तीला तारांच्या मालकाचीच माणसं येणार.

माझं ठाम मत आहे की एवढी आकडेमोड ग्राहकाच्या गळ्यात पडायलाच नको. "हेच युनिट दुसऱ्या कंपनीकडे वापरले असते तर बिल इतकं आलं असतं", ही एक ओळ दर महिन्याच्या बिलावर छापणं दोन्ही कंपन्यांना सक्तीचं करायला हवं. युनिट त्यांच्याकडे आहेत, दर जाहीर आहेत. दरनिश्चितीच्या वेळी आयोग लोकांकडून सूचना-हरकती मागवतो आणि त्या कोणताही ग्राहक देऊ शकतो. पुढच्या खेपेला प्रत्येक सोसायटीने आपल्या लेटरहेडवर ही मागणी पाठवावी.