पंप आणि पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चेतापेशींना साथ देणाऱ्या ग्लियल पेशी अल्झायमरसारख्या आजारात नुसत्या बघ्या नसतात, असे मी ‘मेंदूतल्या दुर्लक्षित पेशी’ या लेखात लिहिले होते. त्यावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे: ग्लियल पेशी चेतापेशींच्या दहापट असतात हे माझे विधान चुकीचे आहे, दाहशामक औषधांच्या चाचण्या फसल्याचे मी सांगितले नाही, आणि मेंदूच्या आजारातला दाह, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची खळबळ, हा परिणाम आहे, कारण नव्हे. हा तिसरा आक्षेप आपल्याच शब्दांत देतो: ‘हिंदमात्याला पाणी तुंबले की पालिका पंप लावते. पंप दिसला म्हणून पाणी पंपानेच तुंबवले, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत लेखकमहाशय जाऊन बसले आहेत. हळदीचे दूध विकणाऱ्यांची मात्र छान सोय झाली.’

पहिला आक्षेप मान्य आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी २००९ मध्ये मेंदूची ऊती विरघळवून त्यातील केंद्रके मोजली, तेव्हा माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळजवळ तेवढ्याच इतर पेशी आढळल्या. दहापटीचा आकडा जुन्या पाठ्यपुस्तकांतून माझ्याकडे आला आणि मी तो तपासला नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता हळदीबद्दल. माझ्या संपूर्ण लेखात हळद हा शब्द एकदाही आलेला नाही. कोणताही काढा, चूर्ण वा आहार मी सुचवलेला नाही. जे लिहिलेच नाही ते लेखकाच्या तोंडी घालायचे आणि मग त्यावर कोरडे ओढायचे, याला टीका म्हणत नाहीत. मतभेद असू द्यावेत, पण ‘लेखकमहाशय’ हे संबोधन ज्या सुरात आले आहे, त्या सुरात मी माझ्या कोणत्याही वाचकाशी आजवर बोललेलो नाही.

राहिला पंप. दृष्टांत मुंबईकराला पटकन पटेल असा आहे, म्हणूनच त्याचा समाचार नीट घ्यायला हवा. पंप पाणी आल्यानंतर येतो. त्याचे तिथे असणे काहीच सिद्ध करत नाही, हे खरे. पण समजा, काही वस्त्यांमध्ये पंप पहिल्यापासूनच सदोष बसवलेला आहे, अगदी पहिल्या पावसाच्या आधीपासून, आणि त्याच वस्त्यांत पाणी अधिक वेळा तुंबते. तरीही पंपाचा संबंध नाही, असेच आपण म्हणाल काय?

ट्रेम-२ या जनुकाची गोष्ट नेमकी अशी आहे. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लिया या, मेंदूच्या प्रतिकाराचे काम करणाऱ्या ग्लियल पेशींमध्ये कार्यरत असते, चेतापेशींमध्ये नव्हे. या जनुकाचा एक दुर्मीळ, दुबळा प्रकार ज्यांच्याकडे असतो त्यांना उतारवयात अल्झायमर होण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, हे २०१३ मध्ये दोन स्वतंत्र संशोधनगटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले. त्यातील एक गट आइसलँडचा होता. जनुक जन्मापासून असते आणि रोग सत्तरीत येतो, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हा वाद इथे उरत नाही. याच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर नासु-हाकोला नावाचा आजार होतो. त्यात हाडांमध्ये पोकळ्या पडतात आणि ऐन चाळिशीच्या आसपास माणसाला स्मृतिभ्रंश होतो. ज्यांना आपण केवळ मदतीला आलेला पंप समजता, त्या पेशींमधला बिघाड एकटा माणसाची बुद्धी हिरावून घेऊ शकतो.

दाह म्हणजे फक्त अतिरेक, असे मी लिहिलेले नाही. ट्रेम-२ च्या बाबतीत मायक्रोग्लिया अति नव्हे, तर अपुरे काम करतात. दुसऱ्या टोकाला, चेतलेल्या मायक्रोग्लियांनी सोडलेली काही रसायने ॲस्ट्रोसाइट या ग्लियल पेशींना असे रूप देतात की त्या चेतापेशींनाच मारू लागतात, हे उंदरांमधील प्रयोगांतून २०१७ मध्ये दिसले. माझा मुद्दा एवढाच होता की या पेशी काठावर उभ्या राहून पाहणाऱ्या नाहीत. आपण लेख शेवटपर्यंत वाचला असता तर हे तिथेच सापडले असते.

आपण विचारता, हे लिहिण्याचा माझा अधिकार काय. परळच्या एका प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षे ऊतींचे काप रंगवले आहेत. डॉक्टर नव्हतो, तंत्रज्ञ होतो. शवविच्छेदनातून आलेल्या अल्झायमरच्या मेंदूचा काप मायक्रोग्लियासाठी रंगवला की त्या तपकिरी उमटतात. या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या गाठीपासून दूर असलेल्या पेशी बारीक, लांब फांद्यांच्या, एकमेकींपासून अंतर राखून पसरलेल्या दिसतात. गाठीच्या कडेला मात्र त्यांचे अंग जाडावलेले असते, फांद्या आखूड झालेल्या असतात आणि त्या गाठीला इतक्या खेटून बसतात की मधली फटसुद्धा दिसत नाही. ज्यांचे नाव या आजाराला मिळाले, त्या डॉक्टर अल्झायमर यांनी स्वतः १९०७ च्या टिपणात ग्लियल पेशींतील बदल नोंदवले होते. पुढे सगळे गाठींकडेच पाहत राहिले.

आणि दुसरा अधिकार असा की माझी आई सहा वर्षे या आजारात होती. एका जुलैमध्ये तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. ताप फार नव्हता. पण दोन दिवसांत ती लालबागच्या खोलीत पहाटे उठून ‘भोंगा झाला का’ असे विचारू लागली, डबा भरायला निघाली. गिरणीचा भोंगा थांबून तोवर कित्येक वर्षे लोटली होती. ज्यांना दाखवले त्यांनी ‘वयाचे आहे’ म्हणून परत पाठवले. औषधाने संसर्ग गेला, पण आई पूर्वीच्या पायरीवर परत आली नाही. इंग्लंडमध्ये ३०० अल्झायमर रुग्णांवर सहा महिने केलेल्या अभ्यासात (२००९) हेच आढळले: संसर्ग वा इजा होऊन शरीरात दाह झाला, त्या रुग्णांची बुद्धी सुमारे दुप्पट वेगाने ढासळली. दाह मूत्रमार्गात, आणि उतरण मेंदूत. आपल्या पंपाच्या गोष्टीत हे कुठे बसते, ते मला दिसत नाही.

औषधांबद्दल फार लिहीत नाही. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक औषधांची प्रतिबंधात्मक चाचणी हृदयविकाराच्या शंकेमुळे २००४ अखेरीस थांबवली गेली आणि त्या औषधांनी अल्झायमर टळल्याचेही दिसले नाही, हे मला ठाऊक आहे. ती सांधेदुखीची औषधे ज्या वाटेवर काम करतात, ती ट्रेम-२ ची वाट नव्हे. त्यांच्या अपयशावरून ग्लियल पेशींचा निकाल लावता येत नाही. बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत.

तुम्हाला पुन्हा लिहायचे असेल तर ट्रेम-२ बद्दल लिहा. उत्तर मी नक्की देईन. हळदीबद्दलची प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे प्रसिद्ध होणार नाही.