हेरमालिकेचा शेवटचा सीझन कसा पाहावा

हेरगिरीवरील मालिकेचा शेवटचा सीझन पाहणे हे येरागबाळ्याचे काम नाही. ते कसे करावे याचे प्रात्यक्षिक नुकतेच एका स्नेह्यांनी माझ्या शेजारी बसून मला दाखवले, आणि असले ज्ञान एकट्याने दडवून ठेवणे बरे नव्हे, म्हणून ते आपल्या सेवेस सादर करीत आहे. नमुन्यादाखल ‘द अमेरिकन्स’ ही मालिका घेतली आहे. तिचा सहावा आणि अखेरचा सीझन २०१८ साली आला. सोव्हिएत हेर असलेले एक जोडपे अमेरिकी नवरा-बायको बनून वॉशिंग्टनजवळच्या उपनगरात मुलेबाळे वाढवते आणि समोरच्याच घरात एफबीआयचा अधिकारी राहतो, एवढी माहिती आपणांस पुरे आहे.

पहिली सूचना अशी की, आरंभापासून पाहण्याच्या फंदात अजिबात पडू नये. आधीच्या पाच सीझनचे पासष्ट भाग कोणी तरी दहा मिनिटांच्या सारांशात बसवलेले असतातच, तेवढे पाहून थेट शेवटच्या सीझनला हात घालावा आणि दर पाच मिनिटांनी शेजारच्याला “हा कोण?” असे विचारावे.

पात्रांच्या नावांपुढे ‘शेवटी मरतो का’ असे टाइप करून आधीच शोध घ्यावा.

मोबाइल हातात असणे तर अत्यावश्यक आहे. या मालिकेत रशियन माणसे एकमेकांशी चक्क रशियनमध्ये बोलतात आणि त्यांचे बोलणे पडद्याच्या तळाशी सबटायटलमध्ये वाचावे लागते. सबब अशी दृश्ये सुरू झाली की आपण मान खाली घालून कोणाच्या तरी वाढदिवसाला फुलांचे चित्र पाठवावे. मग मान वर करून “काय म्हणाला तो?” असे विचारावे. शेजारच्याने सांगावे, तो सांगत असताना पुढचे संवाद निघून जातात, म्हणून तेही विचारावेत.

इतिहासाची चौकशी करू नये. हा सीझन १९८७ च्या अखेरीस, रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या वॉशिंग्टनमधील शिखर परिषदेच्या तोंडावर घडतो. मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रे नष्ट करण्याचा करार ८ डिसेंबरला खरोखरच झाला, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि पात्रांना नसते. सगळा ताण त्यातच आहे. मालिकेचा जनक जो वाइसबर्ग हा स्वतः सीआयएमध्ये नोकरी करून आलेला, म्हणून त्याच्याकडची हेरगिरी म्हणजे बहुतांशी वाट पाहणे, खोटे बोलणे आणि टोप बदलणे. आपण मात्र “यात काहीच घडत नाही” असे म्हणून मोकळे व्हावे.

काहीच घडत नाही असे वाटणाऱ्या ठिकाणी वेग दीडपट करावा. त्या हेर जोडप्यातली बायको एलिझाबेथ एका मरणासन्न चित्रकार बाईची परिचारिका बनून तिच्या उशाशी बसते, कारण त्या बाईचा नवरा शस्त्रकपातीच्या वाटाघाटींत आहे. वेदनेने पिळवटलेली ती रुग्ण या हेरबाईला चित्र काढायला बसवते आणि नीट पाहायला शिकवते. आयुष्यभर दुसऱ्यांवर पाळत ठेवलेल्या बाईला नीट पाहता येत नाही, हे त्या खोलीत कोणीही शब्दांत सांगत नाही. दीडपट वेगाने या सगळ्याचा निकाल झटपट लागतो.

आता मुख्य धडा. शेवटच्या भागात तळघरातल्या गाड्यांच्या तळावर एक प्रसंग आहे. मोजकी माणसे, एक पिस्तूल आणि सुमारे दहा मिनिटे नुसते बोलणे. काय होते ते मी सांगणार नाही. पण पहिल्या सीझनपासून समोरासमोर राहिलेली, एकत्र रॅकेटबॉल खेळलेली, एकमेकांच्या फ्रीजमधून बिअर काढून प्यालेली माणसे तिथे आमनेसामने उभी राहतात, आणि त्या बोलण्यातले कोणते वाक्य खरे नि कोणते धंद्याचे, हे बोलणाऱ्यालाही धड सांगता येणार नाही अशी त्यांची गत झालेली असते. पासष्ट नव्हे, या सीझनचे आधीचे नऊ धरून चौऱ्याहत्तर भाग या दहा मिनिटांसाठी रचलेले आहेत. अशा वेळी आपण काय करावे? आपण विचारावे, “गोळी कधी घालणार हा?” उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावे. तेवढ्यात फोन वाजला तर तो तिथेच बसून घ्यावा, “नाही नाही, काही नाही, टीव्ही बघतोय, बोला ना” असे पलीकडच्याला मोठ्याने कळवावे आणि पलीकडच्याची सर्दी बरी होईपर्यंत बोलावे. फोन ठेवल्यावर रिमोट उचलून पंधरा सेकंद पुढे, आणखी पंधरा सेकंद पुढे असे करत करत प्रसंगाच्या पार पलीकडे उतरावे आणि म्हणावे, “म्हणजे एवढंच?”

हो, एवढंच! त्या हेर नवऱ्याचे काम करणारा मॅथ्यू रीस त्या प्रसंगात चेहऱ्याने जे करतो, ते अंगठ्याने पुढे ढकललेत तर एवढंच उरणार. या सीझनसाठी त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचे एमी हे टीव्हीजगतातले पारितोषिक मिळाले, वाइसबर्ग आणि त्याचा सहलेखक जोएल फील्ड्स यांना याच शेवटच्या भागाच्या लेखनासाठी मिळाले. ते काय स्फोट मोजून दिले होते? तुम्हाला धमाकेच हवे होते, तर धमाक्यांच्या मालिका ढिगाने पडल्या आहेत, त्या पाहा ना! जी गोष्ट गप्प बसून पाहायची तिच्यासमोर बसून बडबड करायची, अर्धी पाहायची, उरलेली पळवायची आणि दुसऱ्या दिवशी ज्यांनी अजून पाहिलेली नाही अशा चार जणांना शेवट सांगून “शेवट फसला आहे” असा निवाडाही द्यायचा, हा निव्वळ उद्दामपणा आहे. शेवट नाही फसला. तुम्ही तो पाहिलाच नाहीत. यापुढे माझ्याकडे काही पाहायला येणार असाल तर फोन बंद करून या, रिमोट माझ्या हातात राहील, आणि कंटाळा आला तर खुशाल उठून घरी जा. कोण कसा मेला, हे विचारायला मात्र रात्री फोन करू नका.