जावयांनी जुनी येझदी मागावी कशी, मारावी कशी

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, झाली. पुरणपोळ्या संपल्या, आमरस संपला, लेकी सासरी गेल्या, झोक्याचा दोर सोडून माळ्यावर टाकला. आणि माझी येझदी मोटारसायकल तीन डब्यांत भरून ओट्यावर पडली आहे. एका डब्यात नटबोल्ट, दुसऱ्यात कार्बोरेटर, तिसऱ्यात पिस्टन आणि रिंगांचे तुकडे. उरलेली गाडी भिंतीला टेकून उभी आहे, गोठ्यातल्या आजारी बैलासारखी.

हे कोणामुळे झालं, ते मी नाव घेऊन सांगणार नाही. भाचेजावई आहेत, एवढंच. आमच्या खान्देशात जावई आला की पाट, तांब्या, टोपी-उपरणं. त्याला रागावायची सोय आमच्या पूर्वजांनी ठेवलेली नाही. पण त्यांच्याकडून जे शिकायला मिळालं ते वाया जाऊ नये. म्हणून ज्या कोणाला आपल्या मामेसासऱ्याची, साडूची, शेजाऱ्याची जुनी मोटारसायकल एकदा चालवून बघायची हौस आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली गोष्ट, मागायची वेळ. एकांतात मागू नका, एकांतात माणूस नाही म्हणू शकतो. पंगत बसलेली असावी, वाढणारी तुमची मामेसासू असावी, समोर तुमची सासू म्हणजे गाडीवाल्याची सख्खी थोरली बहीण असावी. मग पोळीवर तूप पडताना सहज म्हणायचं, ‘मामा, तुमची ती विंटेज जरा पद्मालयापर्यंत नेऊ का? हिला गणपतीचं दर्शन करून आणतो.’ देवाचं नाव, भाचीचं नाव आणि ‘जरा’ हा शब्द. मामाने तरीही घास गिळता गिळता ‘बाहेर 44 डिग्री आहे, संध्याकाळी जा’ असं सुचवून बघितलं, तर थोरली बहीण आहेच. ‘काय रे, एका गाडीसाठी पाहुण्याला अडवतो?’ संपलं. चावी खिळ्यावर असते.

चावी मिळाली की मालक काहीतरी सांगायला लागेल. त्याचं ऐकायचं नाही. मोबाइलवर बघत ‘हो हो मामा, मला माहितीय, मी बुलेट चालवलीय’ म्हणायचं. बुलेट चालवलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही, हे सगळ्या जुन्या गाडीवाल्यांना माहीत असतं.

त्यानंतर किक शोधायची. उजव्या बाजूला शोधायची, कारण जगातल्या बहुतेक गाड्यांची तिथे असते. येझदीची नाही. येझदीचा डावीकडचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की किक होतो आणि गाडी चालू झाली की परत पुढे आणला की गिअर होतो. म्हैसूरच्या कारखान्यात 1996 पर्यंत या गाड्या निघाल्या, तोवर एकच दांडा ही दोन्ही कामं करत होता आणि कोणाचं अडलं नाही. तुम्ही मात्र पाच मिनिटं उजवीकडे वाकून बघा, मग ‘मामा, हिची किक चोरीला गेली वाटतं’ म्हणून हसा. बायका-पोरंही हसतील. मामा हसणार नाही, तिकडे लक्ष देऊ नका.

गार इंजिन चालू करायला ओढतात तो चोक नंतरही ओढलेलाच राहू द्या.

गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक चालूच ठेवा. प्लग भिजला तर मामा बघून घेईल.

‘किती देते?’ हे चावी घेताना एकदा, परत देताना एकदा विचारा.

आता पेट्रोल. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण खरं कौशल्य इथेच लागतं.

येझदी टू-स्ट्रोक आहे. तुमच्या स्प्लेंडरच्या, ॲक्टिवाच्या पोटात इंजिन ऑइल वेगळं असतं, खाली साठलेलं. या गाडीला तसं नसतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. पण पिस्टन, क्रँकचं बेअरिंग, कनेक्टिंग रॉड यांना जे काही तेल मिळायचं ते पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळतं. आम्ही लिटरला 40 मिली टाकतो. माझ्याकडे खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं टोपण आहे, लिटरला चार टोपणं, असा साधा हिशोब. टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या, ऑइलची बाटली आणि ते टोपण, दोन्ही गाडीच्या टूलबॉक्समध्ये कायम असतात. शिवाय टाकीवर, झाकणाच्या शेजारी, पिवळ्या ऑइलपेंटने माझ्या हाताने लिहिलेलं आहे: ‘पेट्रोल + ऑइल’. वळणदार मराठीत.

तर तुम्ही काय करायचं? पंपावर जायचं. झाकण उघडायचं. ती पिवळी अक्षरं वाचायची. त्यांचा फोटो काढायचा. ‘ओल्ड इज गोल्ड’ असं लिहून स्टेटसला ठेवायचा. आणि मग पंपावरच्या पोराला सांगायचं, ‘500चं टाक.’

500चं नुसतं पेट्रोल.

मी स्टेटस बघितलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. फोटोत माझी अक्षरं स्वच्छ दिसत होती. शेजारी नळीही दिसत होती. हातात ऑइलची बाटली दिसत नव्हती. मी फोन केला, उचलला नाही. परत केला. अकरा वेळा केला. पुढच्या स्टेटसमध्ये पद्मालयाचं तळं होतं, कमळाची पानं होती, मग दोघं गाडीवर बसलेले, गॉगल लावून. म्हणजे रिकाम्या टाकीच्या तळाला माझं तेल घातलेलं जे कपभर पेट्रोल उरलं होतं, त्यावर आणि त्या 500च्या पातळ झालेल्या मिश्रणावर दोन माणसं चढ चढून वर गेली होती. तोवर गाडीने सहन केलं. 1991 ची गाडी आहे, वडिलांच्या हाताखालून गेलेली, सहन करायची सवय आहे तिला.

पण दर्शन घेऊन थेट घरी येतील तर जावई कसले? मन भरलं नाही म्हणून एरंडोल ओलांडून हायवेला लागले. धुळे-जळगाव रस्ता आता चौपदरी, गुळगुळीत. मे महिन्यातली दुपार, डांबरावरून वाफा निघतायत, मागे भाची व्हिडिओ काढतेय आणि यांनी मूठ पिळली. टू-स्ट्रोकला तेल कमी पडलं की आधी आवाज बदलतो. डुग्-डुग् जाऊन पत्र्याच्या डब्यात खडे टाकल्यासारखं टण्-टण् व्हायला लागतं. मग गाडी जड होते, कोणी मागून धरल्यासारखी. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम जास्त फुगतं. मध्ये तेलाचा पापुद्रा नसला की पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि मागचं चाक जागेवर थांबतं. त्या क्षणाला क्लच दाबला तर माणूस वाचतो, कधी कधी इंजिनही वाचतं. यांनी क्लच दाबला. देवाची कृपा, भाचीला खरचटलंसुद्धा नाही, आणि हे मी मनापासून लिहितोय.

इथवर झालं तेही मी सोडलं असतं. चिकटलेलं इंजिन सावलीत तासभर गार होऊ दिलं की पुष्कळदा हलक्या हाताने सुटतं, फार तर रिंगा बदलाव्या लागतात. पण तुम्हाला पुढची पायरी शिकायची आहे. पाळधीच्या अलीकडे गाडी बंद पडली. यांनी आधी बाटलीतलं पाणी तापलेल्या सिलिंडरवर ओतलं. चर्र! मग किक मारली. किक म्हणजे कुठली, हे तोवर कळलं होतं. किक जाईना, तर दोन पायांनी उभं राहून मारली. ती जाईना, तर दुसऱ्या गिअरला टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या दोन पोरांना ढकलायला लावली. तिसऱ्या ढकलीत आतून जो आवाज आला, तो व्हिडिओत आहे. भाचीने तो मला मुद्दाम पाठवला, ‘मामा, बघा ना काय झालं असेल?’

काय झालं असेल!

गाडी केळीच्या रिकाम्या पिकअपमध्ये आडवी टाकून घरी आली. टाकीतलं उरलेलं पेट्रोल ठिबकत आलं आणि सगळ्या गल्लीला वास आला. आमचे मिस्त्री सत्तरीच्या घरातले, त्यांनी गाडी बघायच्या आधी टाकीत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. ‘तेलच टाकेल नही शे, भो.’ एवढंच बोलले. मग हेड उघडलं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभ्या चिरा, नखाला लागतील इतक्या खोल. हा सिलिंडर याआधी दोनदा बोअर केलेला, म्हणजे आतून कोरून मोठा केलेला आहे. पुढचा ओव्हरसाइज पिस्टन मिळाला तर ठीक, नाहीतर स्लीव्ह, म्हणजे आतून नवं नळकांडं, टाकावी लागेल. पिस्टन आता कंपनीकडून येत नाहीत; मालेगावला कोणाकडे, इंदूरला कोणाकडे असे फोन चालू आहेत. जावईबापूंनी निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘मामा, आपोआप बंद पडली हो. जुनी झालीय. काढून टाका आता.’

ही शेवटची पायरी, लिहून घ्या. आपोआप बंद पडली, असंच सांगायचं. आणि काढून टाकायचा सल्ला द्यायचा. शक्यतो भंगारवाल्याच्या नंबरासकट.

काढून टाका म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्याचं काही वाटत नाही. एचएसआरपीच्या, म्हणजे नव्या नंबरप्लेटच्या, रांगेत भेटतात, दर 5 वर्षांनी आरसी रिन्यू करायला गेलो की भेटतात. हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल, गाडी पंधरा दिवस उभी राहिली की रबरी पाइप फुगतो आणि कार्बोरेटरचा जेट बुजतो. त्या कामासाठी स्पेअरच्या दुकानात गेलो की काउंटरवरचा पोरगा ‘काका, यापेक्षा नवीन येझदी घ्या’ म्हणतो. 2022 ला त्या नावाची नवी गाडी आली ती चांगली असेल. फोर-स्ट्रोक आहे, तिच्यात पेट्रोलमध्ये ऑइल टाकावं लागत नाही. आमच्या पाहुण्यांनी यूट्यूबवर तिचेच व्हिडिओ बघितले होते, असं नंतर कळलं.

वडिलांनी ही गाडी कापसाच्या पैशातून घेतली. आधी तिच्यावर बी-बियाणं आलं, मग फवाऱ्याचा पंप, मग माझी आई बाळंतपणाहून, कुशीत धाकट्या बहिणीला घेऊन. आता मी रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत तिच्यापाशी बसतो. प्लगला ठिणगी देणाऱ्या पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर लागते. माझं फट मोजायचं फिलर गेज कधीचं हरवलं, मी लग्नपत्रिकेची पट्टी कापून वापरतो. पट्टी फटीत घालायची, ओढून बघायची. अडकत सरकली पाहिजे, सैल नको. पत्रिका जाड हवी. सध्या जी वापरतो ती फार नामी आहे, सोनेरी कडेची, खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असं पोरांच्या नावांसकट छापलेलं. ती जावईबापूंच्याच लग्नाची आहे. त्या पत्रिकेने आजवर गाडीचं फक्त भलं केलं.

फट जुळली, प्लग काचपेपरने घासला, कॉक उघडला, दांडा फिरवला आणि पहिल्या किकला ती डुग्-डुग् बोलली की समोरच्या घरातले आजोबा पेपर खाली करून बघतात. निळा धूर अंगणभर होतो, बायको आतून ओरडते. बाजारात दुधाच्या किटल्या घेऊन उभा असलेला माणूस थांबवून विचारतो, ‘भाऊ, इकनी शे का?’ म्हणजे विकायची आहे का. मी नाही म्हणतो, तर त्यालाच बरं वाटतं. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि ‘बेअरिंग अजून दोन वर्षं’ म्हणतात. दोन वर्षं जातातच. आठ वर्षांपूर्वी ते मला तिच्याजवळ फिरकूही देत नसत, आता पाना पुढे करतात.

उपरोध बास झाला. सरळच बोलतो.

अरे, चार टोपणं होती! लिटरला चार टोपणं. बाटली तुझ्या मांडीखाली होती, टोपण बाटलीवर होतं, टाकीवर मराठीत लिहिलेलं होतं आणि ते तू वाचलंस, वाचून फोटो काढलास. तुला माहीत नव्हतं, यात काहीच गुन्हा नाही. मलाही विसाव्या वर्षी माहीत नव्हतं, मीही एकदा वडिलांच्या शिव्या खाल्ल्यात. पण न कळणारी गोष्ट हातात आली तर फोन करून विचारायला काय हरकत होती? मी अकरा वेळा केला तो उचलायला काय झालं होतं? गाडी थांबली तर थांबू द्यायची होती. तापलेल्या बिडावर पाणी ओततात का रे कोणी? तुझ्या घरच्या गरम तव्यावर ओतून बघ आणि आईला विचार. दुसऱ्याची वस्तू नेली की ती जशी नेली तशी आणायची, मोडली तर मोडली म्हणून सांगायचं. ‘आपोआप’ म्हणू नकोस. आपोआप काही होत नाही. ती 34 वर्षं चालली तीसुद्धा आपोआप नाही.

आणि ‘नवीन घेऊन देतो’ असा निरोप ताईकडून पाठवू नकोस. बोअरिंगचे, पिस्टनचे, पॅकिंगचे मिळून साडेसहा हजार होतायत, ते मी देईन. मला तुझ्याकडून पैसे नकोत. मिस्त्रींना एक फोन कर आणि माझ्या हातून झालं म्हणून सांग. ते गेला आठवडाभर माझ्याकडे बघत नाहीत. त्यांना वाटतंय तेल मीच विसरलो.

पुढच्या आखाजीला या. मांडे आहेत, आंबे आहेत, अंगणात झोका आहे. पद्मालयाला जायचं असेल तर एरंडोलहून रिक्षा मिळते.