‘अर्धा तास थांबा’ सांगणाऱ्या संदेशाविषयी

गेल्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमारास वडील नवी पेठेतून चालत घरी आले, तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी ओला पंचा पुढे केला, तर त्यांनी तो दूर सारून मोबाइल दाखवला. वय ७१, रक्तदाबाची गोळी रोजची, आणि विश्वास कुणा अनामिक ‘डॉक्टरसाहेबां’वर! आमच्या भावकीच्या आणि गल्लीच्या अशा दोन्ही समूहांत फिरणाऱ्या त्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: सोलापूरकरांच्या हाडात ऊन मुरलेले असल्याने धडधाकट माणूस उन्हाने मरत नाही, जे मरतात ते तसेही टेकलेलेच असतात, उष्माघाताचे बळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्याने बाकीची ओरड एसी विकणाऱ्यांची आहे, उन्हातून आल्यावर अर्धा तास गार पाणी पिऊ नये, अंगावरही घेऊ नये, नाहीतर रक्तवाहिनी फुटते, आणि खिशात कांदा ठेवावा.

सुरुवात त्या अर्ध्या तासापासूनच करतो, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा जिवावर उठणारा आहे. उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा शुद्ध हरपतो, आणि हे तापमान जितका वेळ चढलेले राहते तितके मेंदू, मूत्रपिंड व यकृत यांचे नुकसान वाढत जाते. म्हणून उपचार एकच: तत्काळ थंड करणे, शक्यतो पहिल्या तीस मिनिटांत. संदेश जो अर्धा तास थांबायला सांगतो, तो नेमका हाच. सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावे, पंखा लावावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, एवढेच पथ्य. गार पाणी प्यायल्याने रक्तवाहिनी फुटत नाही. हृदयविकार असलेल्या वृद्धाने एकदम बर्फगार पाण्यात उतरू नये, हे मी मान्य करतो. पण ओल्या पंचाचा आणि त्याचा संबंध काय?

आता ‘बळी नगण्य’ हा मुद्दा. मृत्यूच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ क्वचितच लिहिलेले असते. अंग गार ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, हृदयाला दुप्पट राबावे लागते, घामाने पाणी व क्षार जातात, मूत्रपिंडांवर ताण येतो; आधीच दुबळे झालेले हृदय थांबले की दाखल्यावर ‘हृदयविकार’ असे लिहिले जाते. त्यामुळे उन्हाचे बळी मोजायचे तर त्या दिवसांतले सर्व मृत्यू मोजून नेहमीच्या आकड्याशी ताडावे लागतात. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या महिन्यात शहरात सर्व कारणांनी मिळून ४,४६२ मृत्यू नोंदले गेले, तर २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी ३,११८ होती. म्हणजे १,३४४ माणसे जादा गेली. वाढ ४३ टक्क्यांची. या धक्क्यानंतरच अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. हे एसीवाल्यांचे कारस्थान म्हणायचे असेल, तर महापालिकेच्या मृत्युनोंदवह्याही त्यांनीच लिहिल्या असे म्हणावे लागेल.

हाडात मुरलेल्या उन्हाबद्दल निम्मे खरे आहे, नाइलाजाने कबूल करतो. आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर सरावते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते. परंतु या सवयीला मर्यादा आहे, आणि अहमदाबादकर काही शिमल्याहून आलेले नव्हते! शिवाय हा सराव पाण्यावर चालतो, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात ते हात राखूनच वापरले जाते. पूर्व भागात पत्र्याच्या खोलीत तंबाखू उडू नये म्हणून पंखा बंद ठेवून विड्या वळणाऱ्या बाईला तर ऊन लागतच नाही. तिला घेरते ती खोलीतली, रात्रीही न उतरणारी उष्णता.

‘तसेही टेकलेले’ हे वाक्य ज्याने लिहिले त्याच्या घरी म्हातारे माणूस नसावे. ते खरे असते, तर लाटेनंतरच्या महिन्यांत मृत्यू तेवढ्याच संख्येने घटायला हवे होते. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत सुमारे १५,००० जादा माणसे दगावली; पुढच्या महिन्यांत त्या प्रमाणात घट दिसली नाही.

राहिला कांदा. तो भाकरीबरोबर खावा. खिशात ठेवल्याने शरीराचे तापमान तसूभरही उतरत नाही. वडिलांनी कांदा अजून खिशातून काढलेला नाही, मात्र ओला पंचा आता ते स्वतःच मागून घेतात.