‘उंटावरून शेळ्या’ हाकणाऱ्याचं उत्तर

नमस्कार.

इंजिनिअरिंगच्या पोरांनी प्लेसमेंटचा अर्ज कसा लिहावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय: ‘उंटावरून शेळ्या हाकू नका. कंपन्या साठ टक्क्यांची चाळण लावतात, बड्या कंपन्या पुण्यातच थांबतात, कोल्हापूरच्या पोरांनी रेझ्युमे सजवून काय होणार?’ मतभेद असू देत की. पण ओळख ना पाळख, आणि पहिल्याच वाक्यात ही भाषा?

आता त्या उंटाचं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी शॉप फ्लोअरवर घाम गाळलाय. पुढं ट्रेनी घ्यायची वेळ आली की अर्जांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर यायचा. चहा गार व्हायच्या आत निम्मे बाजूला पडायचे. सगळ्यांवर तेच: ‘हार्ड वर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर’. छंद: क्रिकेट, वाचन. एकाच झेरॉक्सच्या दुकानातनं टाइप करून आणल्यासारखे. त्यात एका पोरानं प्रोजेक्टखाली लिहिलं होतं, ‘ग्रीन सँडचा ओलावा दर पाळीला मोजला. ब्लो होलमुळं रिजेक्ट झालेली कास्टिंग वेगळी काढून तक्ता केला.’ बस्स. त्याला बोलावलं. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाला की वाफ कशी अडकते आणि ओतलेल्या कास्टिंगमध्ये भोक कुठं पडतं, हे त्यानं माझ्याच पेननं कागदावर काढून दाखवलं. मार्क बेताचेच होते. घेतला.

आणि सजवा असं मी म्हटलंय कुठं? उलट रंगीत, दोन कॉलमचा नमुना टाकून द्या म्हटलंय, कारण अर्ज चाळणारी सॉफ्टवेअर त्यातला मजकूर बऱ्याचदा उलटसुलट वाचतात. म्हणजे लेख न वाचताच ठोकून दिलंत.

एक मान्य. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली पोरं बारावीच्या रकान्यापाशी अडतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते बरोबर. रेझ्युमेत त्या जागी डिप्लोमाचे टक्के लिहावेत, आणि ते डिप्लोमाचे आहेत हे स्पष्ट दिसावं. लेखात तेवढी ओळ घालतो.

साठ टक्के, पुणे वगैरे रडगाणं जुनं आहे, त्यात मी शिरत नाही.

सल्ला फुकटचा आहे, पटत नसेल तर सोडून द्या, साहेब. पण इथं शेवटच्या वर्षाची पोरं वाचायला येतात. ऐन कॅम्पसच्या तोंडावर त्यांच्यासमोर असले टोमणे मारायचे असतील, तर निदान स्वतःच्या नावानं मारा.